बुदैयाच्या शेणाची इंग्लिश भिंत

बहरीनमध्ये मी अकरा वर्षं इंग्रजांच्या मुलांना इंग्रजांचा इतिहास शिकवला, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "त्यांना दुसरं कुणी मिळालं नाही का?" खरं उत्तर असं, की नाही मिळालं. निदान एका सत्रापुरतं तरी नाही मिळालं, आणि त्या सत्रात जे घडलं त्यावर माझी पुढची सगळी नोकरी उभी राहिली. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतलं काहीतरी लिहा म्हटल्यावर अकरा वर्षांची जंत्री देण्यापेक्षा त्या चार महिन्यांबद्दल लिहावं असं मी ठरवलं.

मुळात मी शिक्षक म्हणून गेलोच नव्हतो. नव्वदीच्या मध्यात त्या ब्रिटिश शाळेत मी लागलो तो रिसोर्स रूमचा असिस्टंट म्हणून. रिसोर्स रूम म्हणजे शिक्षकांना लागणारे नकाशे, तक्ते, पुस्तकं, फोटोकॉपी यांची खोली. पुठ्ठा सरळ कापणं आणि कागद बुडबुडा न येता लॅमिनेट करणं हे माझं कौशल्य, आणि त्याचा मला अजूनही थोडा अभिमान आहे. गाठीशी इतिहासाची बी.ए. आणि बी.एड. होती. परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमात शिकून, आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. कॉलेजात युरोपातलं प्रबोधनयुग मी पाठ केलं होतं: छपाईचा शोध, चित्रकार, दर्यावर्दी, कारणे लिहा, टिपा लिहा. त्या युगात रस्ता कोण झाडत होतं, हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नव्हता.

एका जानेवारीत इतिहासाच्या बाईंची आई आजारी पडली आणि त्या मायदेशी गेल्या. मुख्याध्यापिका मिसेस हार्ग्रीव्ह यांनी मला बोलावलं. पांढऱ्या केसांची, उंच, फार थोडं बोलणारी बाई.

"मिस्टर सोनवणे, तुमच्या फाइलमध्ये इतिहासाची पदवी आहे. ती खरी आहे ना?"

"खरी आहे, मॅडम."

"मग शनिवारी आठवडा सुरू झाला की पाचवीचा वर्ग घ्या. जमलं तर जूनमध्ये व्यवस्थापन समितीपुढे तुमचं नाव ठेवीन. नाही जमलं तर तुमची खोली तुमचीच आहे."

खोली माझीच होती हे खरं, पण असिस्टंटच्या व्हिसावर कुटुंब आणता येत नव्हतं. शिक्षकाच्या व्हिसावर येत होतं. बायको, सुनंदा, आणि तीन वर्षांची मुलगी गावी होत्या. मुलगी फोनवर माझा आवाज ऐकून आईला विचारायची, "कोण आहे गं?" त्या चार महिन्यांत मी जे काही केलं आणि जे करायला घाबरलो, त्यामागे हा प्रश्न होता.

पाचवीचा विषय होता सोळाव्या शतकातलं इंग्लंड. राजेराण्या दोन तासांत आटपायच्या आणि उरलेलं सगळं सत्र साध्या माणसांसाठी, अशी त्या शाळेची पद्धत. ती मला फार आवडली. प्रत्येक मुलाला एक माणूस द्यायचा. कुणी विणकर, कुणी धनगर, कुणी गवळण, कुणी लोहाराची बायको. माणसाची माहिती एका कार्डावर, आणि सत्रभर ते मूल तो माणूस होऊन जगायचं: आज काय जेवलास, पाणी कुठून आणलंस, थंडीत काय पांघरलंस. सत्राच्या शेवटी पालकांना बोलावून प्रत्येक मूल आपला माणूस सादर करणार. कार्डं करायला माझ्याइतका लायक माणूस त्या बेटावर नव्हता. चोवीस मुलं, चोवीस कार्डं, एकावरही बुडबुडा नाही.

पुस्तकं वाचायला लागलो आणि चकित झालो. एका खोलीचं घर. मध्ये चूल, धुराडं नाही, धूर छपरातून वाट काढील तसा. चुलीवर दिवसभर वाटाणे, जव आणि पाला घातलेली पेज रटरटत असायची आणि त्यातच उद्याची भर पडायची. पांढरी भाकर श्रीमंतांची, काळी जाडीभरडी गरिबांची. कपडे राखेच्या पाण्यात धुवायचे. जमिनीवर लव्हाळं अंथरायचं. म्हणजे जे वर्गातल्या मुलांना चारशे वर्षांपूर्वीचं होतं, ते मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत जगलो होतो. राखेनं घासलेलं भांडं बोटानं कसं तपासायचं, ओलं सरपण पेटवताना फुंकर कुठून घालायची, हे मी असं सांगे की मुलं तोंडाकडे बघत राहत. एकदा एका मुलानं विचारलं, "सर, तुम्ही तिथे होतात का?" सगळा वर्ग हसला, मीही हसलो. पण "आमच्याकडे" हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही. "ते लोक असं करत," एवढंच म्हणायचो.

त्याला कारण होतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, नगरपालिकेत सफाई कामगार. दिवस उगवायच्या आत बाजारपेठेतली गटारं उपसायची हे त्यांचं काम. त्या पगारावर मी शिकलो. आणि त्या ब्रिटिश शाळेत कुणी विचारलं, तर मी सांगायचो, "वडील नगरपालिकेत क्लार्क आहेत."

सोळाव्या शतकातल्या इंग्लंडातही असे लोक होते. शहरातले संडासाचे खड्डे उपसणारे. पुस्तकात त्यांच्यावर एक परिच्छेद होता: काम अंधारातच करायचं, राहायचं गावाबाहेर. मी तो परिच्छेद वाचला आणि पान उलटलं. चोवीस कार्डांत त्या माणसाचं कार्ड केलं नाही. संख्या भरावी म्हणून बेकर दोन केले.

दुसरा बेकर वाट्याला आला रिबेका डॉसनच्या. नऊ वर्षांची, दात पुढे, प्रश्न संपत नाहीत अशी. तिसऱ्या आठवड्यात ती ग्रंथालयातलं पुस्तक उघडं धरूनच माझ्या टेबलाशी आली.

"सर, हा माणूस आपल्या वर्गात का नाही?"

"सगळे कसे घेता येतील?"

"पण बेकर दोन आहेत. मला हा व्हायचंय."

"बेकर महत्त्वाचा आहे, रिबेका."

"हा नसेल तर बेकरच्या दारात काय असेल, सर?"

मी तिला जागेवर जायला सांगितलं. शिक्षक म्हणून मी केलेल्या चुकांमध्ये ही पहिली. दुसरी मात्र सगळ्या शाळेनं पाहिली.

त्या काळची साधी घरं कुडाची असत. लाकडी चौकटीत काटक्या विणायच्या आणि दोन्हीकडून चिखल लिंपायचा. मी म्हटलं, मुलांकडून खरी भिंतच करून घेऊ. काटक्यांच्या जागी खजुराच्या झावळ्यांचे दांडे चालतील. माती आहे. गवत मिळेल. राहिलं शेण. आमच्या बसचा ड्रायव्हर तुकाराम परब, कणकवलीकडचा, त्याला विचारलं.

"शेण?" तो स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. "हय बहरीनात शेण कित्याक होया तुमका? माजी आवस गावाक शेण शोधता, आनि मास्तर परदेशात!"

पण बुदैयाच्या रस्त्याला खजुराच्या बागांमागे गायीवाले होते ते त्याला माहीत. शुक्रवारी सकाळी आम्ही तीन बादल्या घेऊन गेलो. मालक होता पांढरा अंगरखा घातलेला म्हातारा. शाळेसाठी शेण म्हटल्यावर त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग हात झटकून म्हणाला, "यल्ला, यल्ला, सगळं न्या!" आणि नोकराला हाक मारून म्हणाला की हिंदी लोक शाळेत काय शिकवतात ते बघ.

शनिवारी मैदानाच्या कडेला मी पँट दुमडून चिखलात उतरलो. माती, चिरलेलं गवत, शेण, पाणी. पायानं तुडवायचं, मग हातानं गोळे करून दांड्यांवर थापायचे. मुलं आधी किंचाळली, मग त्यांना बाहेर काढणं मुश्कील झालं. दोन तासांत भिंत उभी राहिली. नळावर हात धुऊन मुलं बसमध्ये बसली. खिडकीतून हात हलवणाऱ्या मुलांच्या कोपरांपर्यंत हिरवट रंग होता. मी इतका खूश होतो की मला ते दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसचा फोन सकाळपासून वाजत होता. मुलांना जनावराच्या विष्ठेत हात घालायला लावलं, असं पालकांचं म्हणणं. रिबेकाचे वडील, मिस्टर डॉसन, रस्ते बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, स्वतः आले. मिसेस हार्ग्रीव्ह यांच्यासमोर ते मला म्हणाले, "माझी मुलगी जेवणाच्या टेबलावर म्हणते की शेणाला वास चांगला येतो. तुम्ही काय शिकवता इथे?"

ते गेल्यावर मॅडमनी दार लावलं.

"तुम्हाला आधी मला विचारावंसं वाटलं नाही?"

"नाही वाटलं, मॅडम."

"का?"

खरोखरच त्यात विचारण्यासारखं काही आहे हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी म्हणालो, "माझ्या घरी जमीन शेणानं सारवतात. सारवली की घर स्वच्छ झालं असं मानतात. ते घाण आहे असं मला सुचलंच नाही."

"माझ्या घरी" असं मी त्या शाळेत पहिल्यांदाच म्हणालो होतो. त्यांनी टेबलावरची डायरी उघडली. मग म्हणाल्या, "पालकांचा दिवस पुढच्या बुधवारी आहे. समितीचे लोकही येतील. तुम्हाला काय शिकवायचं होतं ते त्यांना तिथेच दिसू द्या. त्याशिवाय मी तुमच्यासाठी काही करू शकणार नाही."

त्या शुक्रवारी नेहमीसारखा हिद्दला, गोदीजवळच्या वस्तीत, गेलो. आमच्याकडची पाच-सहा कुटुंबं वाघमारेदादांच्या घरी बुद्धवंदनेला जमायची, मग जेवण. दादा गोदीत टेक्निशियन, बहरीनमध्ये आमच्या सगळ्यांच्या आधी आलेले. जेवताना मी सगळं सांगितलं, दोन बेकरांचंसुद्धा.

दादा म्हणाले, "शेणाची माफी माग, मोकळा हो. आणि बाप काय करतो हे तुला कुणी विचारलंय का? मग कशाला उकरतोस? आधी व्हिसा हातात येऊ दे, मग सांग जगाला."

वहिनी वाढता वाढता थांबल्या. "त्या पोरीला कार्ड द्यायला काय होतंय पण? कार्डावर तुमच्या बापाचं नाव थोडंच आहे?"

"हिचं ऐकू नको," दादा म्हणाले.

"कुणी ऐकलंय आजपर्यंत?" वहिनींनी त्यांच्या पानात मुद्दाम भात जास्तच वाढला.

मी वहिनींचं ऐकलं. कार्ड लिहायला बसलो, तर पुस्तकातली माहिती चार ओळींत संपली. बाकीचं कार्ड रिकामं दिसायला लागलं. मग मी लिहीत गेलो: दिवस उगवायच्या आत तुझं काम संपतं. घरी आल्यावर तू आधी दाराबाहेर अंग धुतोस, मगच मुलांना जवळ घेतोस. लोक तुझ्याशी बोलतात, पण दोन पावलं मागे सरून बोलतात. पावसाळ्यात तुझ्या पायाला पडलेल्या भेगा भरत नाहीत. हिवाळ्यात तू काम सुरू करण्याआधी हात काखेत धरून ऊब घेतोस.

कार्ड दिलं तेव्हा रिबेकानं ते उभ्याउभ्याच वाचलं.

"याला मुलं होती का, सर?"

"पुस्तकात लिहिलेलं नाही."

"पण असतील?"

"असतील. एखादा शाळेत जात असेल."

तिनं मान डोलावली आणि गेली. पुढचे चार दिवस ती काय लिहीत होती ते तिनं मला दाखवलं नाही. बाकीच्यांची भाषणं मी दोन-दोनदा ऐकली होती. तिचं मागायचं धाडस मला झालं नाही.

बुधवारी भिंतीसमोर खुर्च्या मांडल्या. समितीचे तिघे पुढच्या रांगेत. मिस्टर डॉसन मागे, हाताची घडी घालून उभे. एकेक मूल भिंतीपाशी येऊन आपला माणूस सांगत होतं. विणकरानं हातमागाचा आवाज काढून दाखवला, गवळणीनं लोणी सांडल्यावर बसलेल्या माराची गोष्ट सांगितली. लोक हसत होते. मग रिबेका आली. अंगावर आईचा जुना तपकिरी शर्ट.

ती म्हणाली, "तुम्ही मला पाहिलेलं नाही, कारण तुम्ही उठता तेव्हा मी घरी गेलेला असतो. तुमचा रस्ता स्वच्छ असतो, तेव्हा मी येऊन गेलो असं समजा." कार्डावरचं सगळं तिनं सांगितलं, हात काखेत धरूनसुद्धा दाखवले. आणि मग कार्डावर नसलेलं सांगितलं. "माझा मुलगा शाळेत जातो. शाळेत तो सांगतो की माझे वडील बेकर आहेत. मला ते माहीत आहे. मला राग येत नाही. मी पण तेच सांगितलं असतं."

ती जागेवर जाऊन बसली. टाळ्या वाजल्या. मी मात्र भिंतीला हात लावून उभा होतो.

समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "शेवटच्या माणसाची माहिती फार बारकाईची होती. कुठल्या पुस्तकातून घेतली?"

"एका परिच्छेदापुरती पुस्तकातून," मी म्हणालो. तिथे थांबता आलं असतं. वाघमारेदादांनी थांबायलाच सांगितलं होतं. "बाकीची माझ्या वडिलांची आहे. ते आमच्या गावी गटारं साफ करतात. मी इथे सगळ्यांना सांगितलंय की ते क्लार्क आहेत. ते क्लार्क नाहीत."

रिबेका माझ्याकडे अशी बघत होती, जणू तिला उत्तर बरोबर आलं होतं. मग मागून मिस्टर डॉसन पुढे आले. मला वाटलं, आता संपलं. ते सरळ भिंतीकडे गेले, वाकले, आणि बोट फिरवत म्हणाले, "इथे तडे गेलेत."

"हो. इथल्या उन्हात भराभर वाळली."

"गवत कमी पडलंय. जास्त लांब घालायला हवं होतं."

"माझी आई वाळेपर्यंत ओली गोणपाटं टाकते. इथे मी विसरलो."

"गोणपाटं," ते म्हणाले. "आम्ही काँक्रीटवर तेच करतो." खिशातून पेन्सिल काढून त्यांनी तड्याची लांबी खुणावली आणि मुलीला जवळ बोलावून दाखवली. शेणाबद्दल ते नंतर कधीही बोलले नाहीत. त्यांनी माफी मागितली नाही, मीही नाही.

माणसं चहाला पांगल्यावर मिसेस हार्ग्रीव्ह माझ्यापाशी आल्या. "मिस्टर सोनवणे, पुढच्या वर्षी पालकांना आधी चिठ्ठी पाठवायची. आणि मुलांना कोपरापर्यंत हात धुवायला लावायचे."

त्या चार पावलं पुढे गेल्यावर मला "पुढच्या वर्षी" हे शब्द नीट ऐकू आले.

समितीची सही जूनमध्ये झाली आणि सप्टेंबरात सुनंदा आणि मुलगी आल्या. पहिले दोन दिवस मुलगी मला "अहो" म्हणत होती, आईचं ऐकून. पुढे ती त्याच शाळेत शिकली, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायला लागली, आणि पाचवीत गेल्यावर तिनं माझ्या हातून खड्डे उपसणाऱ्याचं कार्ड मागून घेतलं. त्यानंतरच्या दहा वर्षांत तो माणूस एकाही वर्गातून मी वगळला नाही. दुसरा बेकर मात्र कायमचा गेला.

एक रुखरुख राहिली. अण्णांना बहरीन दाखवायचं राहून गेलं. पासपोर्टचे कागद दोनदा केले, आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, "मला इमानात नको बसवू." त्यांनी माझा वर्ग पाहिला असता तर काय म्हणाले असते, ते मला कळलं नाही. पण एक गोष्ट कळली, ती त्याच आठवड्यात.

पालकांच्या दिवसानंतरच्या शुक्रवारी मी गावी फोन लावला. आमच्याकडे फोन नव्हता. चौकातल्या बूथवर अण्णा ठरलेल्या वेळी येऊन बसत. मी त्यांना सगळं सांगितलं: शेण, भिंत, डॉसन साहेब, ती मुलगी. मी क्लार्क म्हणायचो, तेही सांगितलं. पलीकडून नुसता रिक्षाचा आवाज येत होता.

मग त्यांनी विचारलं, "त्या इंग्रजायच्यात बी व्हते का रं आपल्यावानी काम करणारे?"

"होते, अण्णा. चारशे वर्षांपूर्वी."

"आन् आता? आता कोण करतंय त्यायच्यात?"

"आता कुणी खाली उतरत नाही. पाइप आहेत, मशिनी आहेत."

मग अण्णा, बूथवाल्याला सांगावं इतक्या मोठ्यानं, स्वतःशीच म्हणाले, "म्हंजी जातंय की ते काम."